सणासुदीत वजन उतरवायचं नाही, पण वाढूही द्यायचं नाही: तुम्ही काय करता?

मोरपंखी

सणासुदीचे दिवस तोंडावर आले आणि माझ्या पोटात गोळा आलाय. चौदा महिन्यांत वजन ८१ किलोवरून ७२.५ वर आणलं आहे. अघोरी काही केलं नाही, घरचंच खाऊन, सावकाश. याआधी दोनदा असंच उतरवलं होतं. दोन्ही वेळा याच दिवसांत गाडी घसरली, ती पुन्हा रुळावर आलीच नाही. म्हणून या वेळी आधीच बसून विचार केला, थोडं वाचलं, हिशेब मांडला. तो इथे देते. वजन उतरवता उतरवता या दिवसांतून गेलेल्यांचे अनुभव मला हवे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ध्येयच बदललं. हे सहा आठवडे वजन कमी करायचं नाही, आहे तिथे राखायचं. मागच्या दोन्ही वेळी "काहीही होवो, आठवड्याला अर्धा किलो उतरलाच पाहिजे" असा हट्ट धरला होता. पहिल्याच मोठ्या जेवणाला तो मोडला. मग मनाने घेतलं की मोडलंच आहे, तर आता सगळं आटोपल्यावर बघू. ते आटोपायला अडीच महिने लागले आणि तोवर पाच किलो परत आले होते. ते पाच किलो पुन्हा उतरवताना किती जीव गेला ते माझं मला माहीत.

दुसरी गोष्ट हिशेबातून कळली. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. समजा या ४२ दिवसांत तीन मोठी जेवणं आहेत. तिन्ही वेळा मी हात न आखडता जेवले आणि दर वेळी गरजेपेक्षा १५०० कॅलरी जास्त गेल्या. झाल्या ४५००, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आतच. उरलेल्या ३९ दिवसांत रोज फक्त २५० जास्त गेल्या तर? ९७५०. सव्वा किलो! इतकी वर्षं मी सणाच्या ताटाला दोष देत आले, आणि खरी गळती अधल्यामधल्या दिवसांत होती.

ही गळती कशी होते तेही गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. पाहुणे गेले होते, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ओट्यावर चार डबे उघडे, मी उरलेलं लहान डब्यांत भरत होते. मोडका तुकडा काय ठेवायचा म्हणून तोंडात. बुडाशी राहिलेला चुरा बोटाने गोळा करून तोंडात. डब्यात न मावणारं शेवटचं एक, तेही तोंडात. कुठूनसं मनात आलं आणि एक रिकामी वाटी घेतली. जे तोंडात टाकणार होते ते त्या वाटीत टाकत गेले. आवरून झाल्यावर वाटी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता ११८ ग्रॅम. सगळं गोड नाहीतर तळलेलं, म्हणजे ५०० कॅलरींच्या आसपास, आणि हे पोटभर जेवण झाल्यावर! कुणी विचारलं असतं तर जेवणानंतर काही खाल्लं नाही असंच मी सांगितलं असतं, आणि ते मला खरंच वाटलं असतं.

तर या वेळी ठरवलंय की मोठ्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून, ताट वाढून घेऊन, मनापासून जेवायचं. उभ्याने काही खायचं नाही. उरलेलं त्याच रात्री वाटून टाकायचं नाहीतर गोठवायचं. पुढचं जेवण रोजच्यासारखं, उपाशी राहून भरपाई नाही. आठवड्यातून तीनदा वजन बघायचं. यात काही चुकत असेल तर जरूर सांगा.

रानवारा

हिशेब पटला. पण एक शंका आहे. मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काटा जे दाखवतो त्याचं काय? गेल्या महिन्यात घरात कार्य होतं, दुसऱ्या सकाळी वजन १.६ किलोने जास्त! तो आकडा बघितला आणि आठवडाभर काट्याकडे फिरकलोच नाही. चालायला जाणंही बंद पडलं.

अक्षरवेल

रानवारा, मी आहारतज्ज्ञ आहे. हा आकडा बघून हातपाय गाळणारी माणसं या दिवसांत मला रोज भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१.६ किलो चरबी एका दिवसात चढायची तर गरजेपेक्षा बारा हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. तेवढं तुम्ही खाल्लेलं नाही. मग काट्यावर काय दिसलं? बहुतेक सगळं पाणी. आपलं शरीर पिठूळ आणि गोड पदार्थांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं. हा साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. कमी खाणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या माणसाचा साठा बऱ्याचदा अर्धवट रिकामा असतो. एका भरपेट जेवणात त्यात ३०० ग्रॅम भरले तरी पाण्यासकट १.२ किलो होतात. वर खारट-तळलेल्यातल्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी, आणि आतड्यांत अजून पुढे सरकत असलेलं अन्न. रोजचं खाणं सुरू ठेवलं की तीन-चार दिवसांत हे आपोआप उतरतं.

म्हणून मी मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा वहीत लिहायला लावते, पण त्यावर काही ठरवू देत नाही. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

मोरपंखी, तुमचं "उपाशी राहून भरपाई नाही" फार महत्त्वाचं आहे. संध्याकाळी मोठं जेवण आहे म्हणून दिवसभर पोटात काही न घेणारे ताटावर बसतात तेव्हा भूक त्यांच्या हातात राहिलेली नसते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि कडकडून भुकेलेला माणूस तेवढ्यात दुसऱ्यांदा वाढून घेतो. त्या दिवशी सकाळ-दुपार हलकं पण पोटाला आधार देणारं खा: अंडी, दही, कडधान्यं, भाज्या, एखादं फळ. प्रथिनांनी भूक जास्त वेळ भागते, शिवाय त्यांतली २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते. चरबीच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ० ते ३ टक्के.

एकटा_वाटसरू

माझा अनुभव उलटा आहे. मी या दिवसांत गोड पूर्ण बंद ठेवतो. एक तुकडा घेतला की दहा घेतले जातात. नाहीच म्हटलं की डोकं शांत राहतं. गेली तीन वर्षं हेच करतोय आणि वजन स्थिर आहे. सगळ्यांना "थोडं थोडं खा" सांगणं मला पटत नाही.

मोरपंखी

तीन वर्षं टिकलंय म्हणजे तुम्हाला ते मानवतंय. माझं मात्र बंदीने पार बिघडतं. पूर्ण बंद ठेवलं की दिवसभर तेच डोक्यात घोळत राहतं, आणि एक घास गेला की सगळा बांधच फुटतो.

अक्षरवेल

या बांध फुटण्यावर मानसशास्त्रात जुना प्रयोग आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. जे कायम स्वतःला आवरून खात होते त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला ही भावनाच पुढचं खाणं वाढवते. त्यामुळे सरसकट बंदी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना झेपत नाही. पण वाटसरूंसारखी माणसंही असतात. त्यांनी आपलं चालू आहे ते मोडू नये.

निळाई

"जेवण भरपूर झालं, पण गोडाला जागा आहे" यामागेही काही शास्त्र आहे का? माझ्या पोटात गोडासाठी वेगळा कप्पा असावा असं मला खरंच वाटतं.

शांतनिवांत

हो, आहे. एकाच चवीचा कंटाळा येतो, वेगळी चव आली की भूक पुन्हा जागी होते. ऑक्सफर्डमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. सँडविचमध्ये चार वेगवेगळी सारणं दिली तेव्हा लोकांनी एकाच सारणापेक्षा साधारण एकतृतीयांश जास्त खाल्लं. मोठ्या जेवणात तर पंधरा चवी समोर असतात. मी त्यातल्या मला मनापासून आवडणाऱ्या चार निवडतो आणि त्या पोटभर खातो. जे वर्षभर कधीही मिळतं त्याला त्या दिवशी ताटात जागा देत नाही. याने वंचित राहिल्यासारखं वाटत नाही, कारण जे खातो ते आवडीचंच असतं.

आणि मोरपंखी, तुमच्या "वाढू द्यायचं नाही" या ध्येयाला अभ्यासांचाही आधार आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत त्यांचं वजन सरासरी फक्त ०.३७ किलो वाढलं होतं, त्यांना स्वतःला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. पण तेवढंही पुढच्या वर्षभरात उतरलं नाही. दरवर्षीची ही लहानशी भर साठत जाते. आणि ज्यांचं वजन मुळात जास्त होतं, त्यांच्यात मोठी वाढ अधिक दिसली. म्हणजे आपल्यासारख्यांनी सावध राहण्याला कारण आहे.

दुसरा अभ्यास २०१८ चा, बर्मिंगहॅमचा, २७२ जणांवर. अर्ध्या लोकांना सांगितलं की आठवड्यातून किमान दोनदा, जमल्यास रोज वजन करा आणि लिहा. जोडीला साध्या सूचना, आणि अमुक पदार्थाच्या कॅलरी खर्च करायला किती चालावं लागेल याचा तक्ता. बाकीच्यांना फक्त आरोग्यदायी राहणीचं माहितीपत्रक. सुट्ट्या संपल्यावर माहितीपत्रकवाल्यांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलेलं आणि वजन लिहिणाऱ्यांचं ०.१३ किलो घटलेलं. फरक छोटा आहे, पण उपाय किती साधा आहे बघा.

कोरा_कागद

इथे मला काही सांगावंसं वाटतं. रोज काट्यावर उभं राहणं आणि "इतकं खाल्लंस तर इतकं चाल" हे प्रत्येकासाठी नाही. विशीत मला खाण्याचा आजार होता. उपाशी राहायचे, मग अधाशासारखी खायचे, मग ते कसंही करून शरीराबाहेर काढायचा प्रयत्न. काटा घरात आला की तो आवाज डोक्यात परत सुरू होतो. आज मी ४१ वर्षांची आहे, घरात काटा नाही. एक ठरावीक जुनी जीन्स आहे, ती महिन्यातून एकदा घालून बघते. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोलल्याशिवाय वजनाची वही सुरू करू नये ही कळकळीची विनंती.

अक्षरवेल

कोरा_कागद, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. हे मीच आधी सांगायला हवं होतं. पूर्ण सहमत.

निळाई

आता माझी खरी अडचण. मला भुकेपेक्षा माणसं जड जातात. सासूबाई प्रेमाने करतात, प्रेमाने वाढतात. नको म्हटलं की चेहरा उतरतो: "आवडलं नाही का गं?" मग मी खाते आणि नंतर खोलीत जाऊन रडते. दोन्हीकडून मीच वाईट.

मोरपंखी

निळाई, तू वाईट नाहीस गं. मी इतकी वर्षं ऐन ताटावर नाही म्हणायचे. हातात पळी घेऊन माणूस समोर उभं असताना नाही म्हटलं की ते त्याला लागतंच. गेल्या वर्षी दोन दिवस आधी फोन केला. म्हटलं, "आई, तुमच्या हातचं ते एक मला पोटभर खायचंय, त्यासाठी जागा ठेवणार आहे. बाकीचं चवीपुरतं वाढाल ना?" त्या खूश झाल्या. त्या दिवशी माझ्या ताटात काय जातंय याकडे त्यांचंच लक्ष होतं, दुसऱ्या कुणी वाढायला आलं तर त्याच सांगत होत्या, "तिला तेवढं पुरे."

आणखी एक लक्षात आलं. रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. मी ताटात शेवटचे दोन घास ठेवते आणि सगळ्यांचं होईपर्यंत गप्पा मारत हळूहळू संपवते. पहिल्या वाढीला कधीच नाही म्हणत नाही. ती घेऊन, चाखून, काय आवडलं ते नेमकं सांगितलं की दुसऱ्या वाढीचा नकार कुणाच्या मनाला लागत नाही.

सायंतारा

मी ६८ वर्षांची आहे, वाढणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्या पिढीला कुणी पोटभर जेवलं की आपलं प्रेम पोहोचलं असं वाटतं. लहानपणी घरात कधी कधी अन्न पुरत नसे. त्यामुळे पुरून उरलं पाहिजे हे मनात पक्कं बसलंय. सुनेने पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. पुढच्या वेळी ती आधी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, डॉक्टरांनी साखर काठावर आली म्हणून सांगितलंय, मला भीती वाटते." ते मला कळलं. भीती कुणालाही कळते.

तेव्हापासून मी गोडाचे तुकडे निम्म्या आकाराचे पाडते. वाढायला मोठी पळी घ्यायचे, आता लहान चमचा घेते. दोनदा वाढल्याचं समाधान मला आणि तिच्या पोटात पूर्वीच्या एकदाइतकंच. मध्ये टेबलावर भांडी ठेवणंही बंद केलं. ताटं आतून वाढून आणते, ज्याला हवं तो उठून घेतो. निळाई, सासूबाईंना कारण सांग बाळा. नुसतं "नको" ऐकलं की आम्ही मनात भलतंच काहीतरी धरून बसतो.

निळाई

सायंताराकाकू, तुमचं वाचून डोळे भरून आले. आज संध्याकाळीच बोलते त्यांच्याशी.

रानवारा

मधुमेह असलेल्यांनी काय करावं? बाबांना इन्सुलिन चालू आहे. रात्री बाहेर जेवायचंय म्हणून ते परस्पर दुपारचं जेवण टाळतात.

अक्षरवेल

हे आजच थांबवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नका आणि कमीही करू नका. मोठ्या जेवणाचा दिवस आधीच डॉक्टरांना सांगून काय करायचं ते लिहून घ्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं आरामात चाललं तर साखरेची उसळी कमी राहायला मदत होते. हे बाकीच्यांनीही करावं.

शांतनिवांत

दोन छोट्या गोष्टी. पेयांचं कुणी बोललं नाही. सरबतं, गोड पेयं आणि मद्य पोटात जातात पण जेवण त्या प्रमाणात कमी होत नाही. मद्यातल्या अल्कोहोलमध्ये ग्रॅमला ७ कॅलरी असतात, साखरेत ४, चरबीत ९. दुसरं म्हणजे झोप. या दिवसांत जागरणं होतात आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही गोड-तळलेल्याची. मी चालायचं चुकवतो, पण झोप नाही.

उन्हाची_तिरीप

माझं सेमाग्लुटाइडचं, म्हणजे भूक कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन चालू आहे. त्याने जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं. हे विसरून एका समारंभात तळलेलं भरपूर खाल्लं आणि रात्रभर उलट्या. जे कुणी हे औषध घेत असतील त्यांनी ताट लहान घ्या आणि दोन घासांनंतर थांबून अंदाज घ्या.

मोरपंखी

सात आठवडे झाले, हिशेब द्यायला आले आहे.

सुरुवात ७२.५. सगळ्यात वरचा आकडा ७४.१, पहिल्या मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीचा. अक्षरवेलताईंचं वाचलेलं नसतं तर मी त्या दिवशी पुन्हा हात टेकले असते. चौथ्या दिवशी तो ७२.८ झाला. या आठवड्याची सरासरी ७२.९.

सगळं सुरळीत झालं नाही. मध्ये नऊ दिवस फार वाईट गेले. घरात आजारपण, रात्रीची जागरणं, जे समोर येईल ते खाल्लं, वजनही केलं नाही. दहाव्या दिवशी काट्यावर उभं राहताना छातीत धडधडत होतं. ७३.६ होतं. मागच्या दोन वेळी मी हा दहावा दिवस येऊच दिला नव्हता.

गोठवण्याचा फायदा सगळ्यात जास्त झाला. डोळ्यांसमोर डबा नसला की दिवसदिवस आठवणही येत नाही. वाटून टाकणं तेवढं जमलं नाही, कारण ज्यांना द्यावं त्यांच्या घरीही तेच ढीग.

निळाई

मी बोलले सासूबाईंशी. आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मलाही गुडघ्यांसाठी वजन कमी करायला सांगितलंय, पण मी केलेलं मीच नाही खाल्लं तर कसं दिसेल?" आता जेवण झालं की आम्ही दोघी चालायला जातो.

मोरपंखीताई, एक विचारायचं राहिलं. आवरताना तुम्ही वाटीत जमवता त्याचं पुढे काय करता? टाकून देववत नाही ना?

मोरपंखी

नाही गं, टाकत नाही. झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ताटात वाढून घेते आणि बसून खाते. कधी कधी तोवर त्यातलं निम्मं नकोसं झालेलं असतं. मग ते मुलं खातात.